एक खोली, आठ इयत्ता

शिक्षण जितके अधिक तितके ते हितकारक, हे विधान आज कोणालाही सिद्ध करून दाखवावे लागत नाही. पदवीधर मुलाचा बाप त्याच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या चिंतेत असतो, आणि ज्याला स्वतःला चौथीनंतर शाळा सोडावी लागली तो मुलाच्या शिकवणीसाठी पतपेढीचे कर्ज काढतो. अर्थशास्त्रानेही या लोकभावनेला शास्त्राचे अधिष्ठान दिले आहे. शिक्षणावरील खर्च हा उपभोग नसून माणसामध्ये केलेली गुंतवणूक आहे, असे प्रतिपादन थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये केले. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये त्याचे सविस्तर विवेचन केले आणि ‘मानवी भांडवल’ ही संज्ञा पाठ्यपुस्तकांत कायमची स्थिरावली. हा भाग वर्गात शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकाला विचारले होते, “सर, ज्यांना ही गुंतवणूक करायचीच नाही असा एखादा समाज आहे का?”

असा समाज आहे, आणि तो शुल्ट्झ व बेकर यांच्याच देशात, अमेरिकेत आहे. तो निरक्षर नाही, आळशी नाही, सरकारी मदतीवर जगणाराही नाही. आठवी इयत्ता संपली की शाळा संपली, हा मात्र त्याचा नियम आहे. या नियमासाठी तेथील बापांनी दंड भरले, काहींनी तुरुंगवास पत्करला, आणि अखेर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. हा समाज आमिश लोकांचा. २०२५ च्या जून महिन्यात मेरीलँड राज्यातील काही पालकांच्या खटल्याचा निर्णय देताना त्याच न्यायालयाने आमिश खटल्याचा पुन्हा मोठा आधार घेतला. तेव्हा ही एका कोपऱ्यातील, केवळ कुतूहलाची गोष्ट राहिलेली नाही.

कोण हे आमिश?

सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणेतून एक पंथ निघाला. बाप्तिस्मा अजाण बालकाला देऊ नये, तो जाणत्या वयात स्वेच्छेने घ्यावा, शस्त्र उचलू नये, शपथ घेऊ नये, ही त्याची शिकवण होती. कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही राजसत्तांनी या लोकांचा अनन्वित छळ केला. १६९३ मध्ये याकोब आमान या धर्मोपदेशकाच्या अनुयायांनी अधिक कडक आचाराच्या आग्रहापायी आपली वेगळी चूल मांडली. तेच आमिश. अठराव्या शतकात धर्मस्वातंत्र्याच्या आशेने ते पेनसिल्व्हेनियात येऊन शेती करू लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची संख्या अवघी पाच-सहा हजार होती. २०२४ च्या सुमारास ती चार लाखांच्या घरात गेली होती. मोठी कुटुंबे, आणि मोठेपणी पंथातच राहणाऱ्या मुलांचे लक्षणीय प्रमाण, ही या वाढीची दोन कारणे. जुन्या वळणाचे आमिश मोटार बाळगत नाहीत, घोडागाडीने फिरतात, सार्वजनिक वाहिनीवरून घरात वीज घेत नाहीत आणि साध्या, एकसारख्या वेशात राहतात. यंत्रमात्राचा त्यांना तिटकारा आहे असा एक गैरसमज आहे. वस्तुतः प्रत्येक नवी वस्तू आपल्या समाजाची वीण सैल करील की घट्ट, एवढाच प्रश्न ते विचारतात आणि त्याप्रमाणे ती स्वीकारतात किंवा नाकारतात. शाळेकडेही त्यांनी याच दृष्टीने पाहिले.

शाळेचे अंतरंग

शेतांच्या मधोमध एक बैठी इमारत. छपरावर घंटा, बाहेर खेळायचे मैदान, हातपंप आणि एका बाजूला संडास. विजेचे दिवे नसल्यामुळे खिडक्या मोठ्या. आत एकच खोली, तीत बाकांच्या रांगा, पुढे फळा आणि हिवाळ्यासाठी लाकडाची किंवा कोळशाची शेगडी. साधारणतः पंचवीस ते पस्तीस मुले, पहिलीपासून आठवीपर्यंतची, याच एका खोलीत बसतात. शिकविणारी बहुधा विशीच्या आसपासची अविवाहित तरुणी असते. तिच्याजवळ अध्यापनाची पदविका नसते. तिचे स्वतःचे शिक्षणही अशाच एखाद्या शाळेतील आठव्या इयत्तेपर्यंतचे असते.

एकटी शिक्षिका आठ इयत्ता कशा सांभाळते, याचे आपल्याकडील एकशिक्षकी शाळेत नोकरी केलेल्यांना नवल वाटणार नाही. एका इयत्तेला पुढे बोलवायचे, तिचा धडा दहा-पंधरा मिनिटांत घ्यायचा. तोवर बाकीच्यांनी नेमून दिलेली गणिते किंवा शुद्धलेखन करायचे. मोठ्या मुली लहानांचे पाढे घेतात. तिसरीचा मुलगा स्वतःचे काम करता करता पाचवीचा भूगोल कानाने ऐकत असतो, आणि पाचवीत जाईपर्यंत त्यातला बराचसा त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. वाचन, लेखन, अंकगणित, शब्दलेखन, सुवाच्य अक्षर, थोडा भूगोल व इतिहास, एवढाच अभ्यासक्रम. विज्ञानाला त्यात स्थान जवळजवळ नाही. सरकारी शाळांनी कधीच्या टाकून दिलेल्या जुन्या क्रमिक पुस्तकांच्या आवृत्त्या कित्येक ठिकाणी पुन्हा छापून वापरल्या जातात. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात एल्मर येथे आमिशांची स्वतःची ‘पाथवे’ ही प्रकाशनसंस्था आहे. तिची वाचनमाला अनेक शाळांत चालते आणि शिक्षकांसाठी ‘ब्लॅकबोर्ड बुलेटिन’ हे मासिकही निघते.

भाषेची बाब मराठी वाचकाला विशेष विचार करायला लावणारी आहे. आमिश मुलाच्या घरात ‘पेनसिल्व्हेनिया डच’ ही जर्मनची बोली बोलली जाते. प्रार्थनेची भाषा प्रमाण जर्मन, आणि शाळेचे माध्यम इंग्रजी. पहिलीत येणाऱ्या मुलाला इंग्रजी बेताचेच येत असते. आठवीतून बाहेर पडताना ते तिन्ही भाषांत आपापल्या कामापुरते वावरू शकते. शाळेत इंग्रजी उत्तम शिकवावे आणि घरात मात्र तिला उंबरठा ओलांडू देऊ नये, ही शिस्त त्यांनी दोनशेहून अधिक वर्षे पाळली आहे. शाळेत प्रार्थना होते, स्तोत्रे म्हटली जातात, बायबलातील उताराही वाचला जातो. परंतु धर्म हा विषय म्हणून तेथे शिकविला जात नाही. तो घराचा व उपासक मंडळाचा अधिकार मानला जातो.

शाळेचा कारभार तीन ते पाच बापांची समिती पाहते. शिक्षिका नेमणे, तिचा पगार देणे आणि गळणारे छप्पर दुरुस्त करणे ही तिचीच कामे. इमारत गावकरी स्वतःच्या श्रमांनी उभी करतात. आईबाप अधूनमधून न कळविता वर्गात येऊन मागे बसतात आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. खर्च कुटुंबांवर वाटून घेतला जातो. शिवाय सरकारी शाळांसाठी असलेला करही हे लोक इतरांप्रमाणेच भरतात. म्हणजे एका शाळेचा लाभ आणि दोन शाळांचा खर्च. तो ते कुरकुर न करता सोसतात.

संघर्ष का झाला?

या शाळा प्राचीन आहेत असे वाटण्याचा संभव आहे, पण तसे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एकखोली सरकारी शाळा दोन लाखांच्या आसपास होत्या आणि आमिश मुले शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर तेथेच शिकत. पुढे शिक्षणखात्याने ‘एकत्रीकरणा’चे धोरण घेतले. लहान शाळा महाग पडते, मोठ्या शाळेत दरडोई खर्च कमी येतो, प्रयोगशाळा व तज्ज्ञ शिक्षक ठेवता येतात, हा त्यामागचा युक्तिवाद. बसगाड्या आल्या आणि पायवाटेवरच्या शाळा एकामागून एक बंद झाल्या. त्याच काळात सक्तीच्या शिक्षणाची वयोमर्यादाही वाढविली गेली.

आमिशांनी आपल्या शाळा काढल्या त्या यानंतर. पहिली १९२५ मध्ये डेलावेअर राज्यात निघाली. पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात १९३७ मध्ये एकत्रित शाळेवरून मोठा वाद झाला आणि १९३८ मध्ये तेथे पहिल्या आमिश शाळा उघडल्या. म्हणजे ज्यांना आपण जुनाट समजतो त्या शाळा, खरे पाहता, आधुनिक धोरणाचेच अपत्य आहेत. सरकारने जे टाकून दिले ते या लोकांनी उचलून घेतले.

वादाला अनेक वळणे लागली. पेनसिल्व्हेनियाने १९५५ मध्ये तडजोड केली: आठवी झालेल्या मुलांनी कायद्याने ठरविलेल्या वयापर्यंत आठवड्यातून तीन तास वर्गात यावे आणि उरलेल्या वेळी घरच्या कामांची नोंदवही ठेवावी. आयोवात प्रकरण चिघळले. १९ नोव्हेंबर १९६५ रोजी अधिकारी आमिश शाळेतील मुलांना बसमधून सरकारी शाळेत नेण्यासाठी आले, तेव्हा भेदरलेली मुले जवळच्या मक्याच्या शेताकडे धावत सुटली. त्या क्षणाचे छायाचित्र देशभर छापले गेले आणि एका छायाचित्राने जे केले ते शंभर अर्जांनी झाले नसते. १९६७ मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने आमिशांना सवलत दिली.

निर्णायक खटला विस्कॉन्सिन राज्यातील न्यू ग्लॅरस येथला. १९६८ मध्ये तेथील आमिशांनी स्वतःची शाळा काढली. तिच्यामुळे सरकारी शाळेचा पट घटून पटावर मिळणारे अनुदान कमी होणार होते, हा तपशील आपल्याकडील मुख्याध्यापकांना परिचित वाटेल. राज्याचा कायदा सोळाव्या वर्षापर्यंत शाळेची सक्ती करणारा होता. आठवी झालेल्या मुलांना पुढे पाठविण्यास नकार देणाऱ्या योडर व अन्य दोन बापांना प्रत्येकी पाच डॉलर दंड झाला. न्यायालयात जाऊन भांडणे आमिशांच्या धर्माला मान्य नाही. त्यामुळे त्यांच्या वतीने १९६७ मध्ये स्थापन झालेल्या एका समितीने लढा दिला. तिचा प्रमुख लुथरन पाद्री आणि वकील कॅथलिक. ज्यांच्या पूर्वजांनी यांच्या पूर्वजांना देशोधडीला लावले त्यांचेच वंशज आता पाठीशी उभे राहिले.

१५ मे १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आमिशांच्या बाजूने निर्णय दिला. सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा: ही श्रद्धा जवळजवळ तीन शतकांच्या आचरणाने सिद्ध झालेली आहे, हा समाज स्वावलंबी व कायदा पाळणारा आहे, आठवीनंतर ही मुले शेतावर व घरात जे काम शिकतात ते त्यांच्या जीवनासाठी पुरेसे शिक्षण आहे, आणि आणखी एक-दोन वर्षांच्या सक्तीतून राज्याला जो लाभ होईल त्यापेक्षा या समाजाची होणारी हानी मोठी आहे. केवळ वैयक्तिक तत्त्वज्ञान म्हणून, थोरोप्रमाणे, समाजाकडे पाठ फिरविणाऱ्याला मात्र हे संरक्षण मिळणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

बेकर यांची एक कसोटी

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. आमिश गुंतवणूक करीत नाहीत, असे म्हणता येईल काय? बेकर यांच्या विवेचनात एक उपयुक्त भेद आहे. काही प्रशिक्षण ‘सर्वसाधारण’ असते. ते घेतलेला कामगार कोठेही गेला तरी त्याची किंमत टिकते. काही प्रशिक्षण ‘विशिष्ट’ असते. ज्या कारखान्यात ते मिळाले तेथेच त्याचे मोल. पहिल्या प्रकारावर मालक खर्च करण्यास नाखूश असतो, कारण शिकलेला माणूस उद्या दुसऱ्याच्या दारात जाऊ शकतो.

या भेदाने पाहिले तर आमिश समाज आपल्या मुलांवर मुबलक गुंतवणूक करतो. शेताची, घोड्यांची, सुतारकामाची, शिवणाची, शेजारधर्माची आणि सहनशीलतेची जी तालीम मुलाला मिळते ती थोडीथोडकी नाही. पण तिचे मोल सर्वाधिक आहे ते त्या समाजाच्या आत. माध्यमिक शाळा जे देते त्याची किंमत बाहेरच्या बाजारात होते, म्हणूनच ती शाळा नको. हा निर्णय अडाणीपणाचा नाही. समाज म्हणून तो अत्यंत हिशेबी निर्णय आहे. आग लागून जळालेले कोठार दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या हातांनी उभे राहते, म्हाताऱ्यांना नातवंडांच्या घरालगत खोली मिळते, व्यापारी विमा घेण्याची वेळ येत नाही. १९६५ मध्ये अमेरिकन सरकारने स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या आमिशांना सामाजिक सुरक्षा करातून सूट दिली ती याच कारणाने. या साऱ्या व्यवस्थेचा पाया त्या एकखोली शाळेत घातला जातो.

त्या पायाची खोली जगाने एकदा पाहिली. २ ऑक्टोबर २००६ रोजी लँकेस्टर परगण्यातील निकेल माइन्स येथील शाळेत शिरून एका शेजारच्या माणसाने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि आत्महत्या केली. पाच मुली मरण पावल्या. त्या आघातातही आमिश मंडळी मारेकऱ्याच्या विधवेच्या सांत्वनासाठी गेली. काही दिवसांत ती इमारत पाडण्यात आली आणि सहा महिन्यांनी जवळच नवी शाळा सुरू झाली. असे मनोबल कोणत्याही ताळेबंदात मांडता येत नाही, हे अर्थशास्त्राच्या अध्यापकाने मान्य केले पाहिजे.

हिशेबाची दुसरी बाजू

परंतु हिशेब समाजाचा झाला. मुलाचा कोणी करायचा? १९७२ च्या निकालात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी अंशतः मतभेद नोंदविला तो याच मुद्द्यावर. बापाचे धर्मस्वातंत्र्य मान्य. पण जिचे शिक्षण थांबणार त्या मुलीला कोणी विचारले आहे काय? तिच्या मनात वादक किंवा अंतराळवीर होण्याची इच्छा असेल तर? तिघांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. डग्लस यांचा प्रश्न न्यायालयाने बाजूला ठेवला. तो आजही तेथेच पडून आहे.

आमिशांच्या स्वतःच्या श्रद्धेच्या दृष्टीनेही हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. बाप्तिस्मा स्वेच्छेने घ्यावा, हा तर त्यांचा मूळ सिद्धांत. त्यासाठीच त्यांचे पूर्वज जळाले आणि बुडविले गेले. पण स्वेच्छा खरी ठरायची तर दोन्ही वाटा खुल्या हव्यात. आठवीवर थांबलेल्या अठरा वर्षांच्या मुलाने पंथ सोडायचे ठरविले तर त्याच्याजवळ माध्यमिक प्रमाणपत्र नसते, बाहेर ओळख नसते आणि घराचा आधारही बहुधा सुटतो. बाहेर पडण्याची किंमत इतकी मोठी असताना आत राहणे हा संपूर्ण स्वेच्छेचा निर्णय कसा मानावा? दहांतील आठांहून अधिक मुले पंथात राहतात, हे खरे आहे. त्यांतील किती ओढीने राहतात आणि किती नाइलाजाने, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

दुसरी अडचण काळाने निर्माण केली आहे. बर्गर यांच्या डोळ्यांसमोर शेतकरी होता. आज आमिशांच्या बहुतेक मोठ्या वस्त्यांत शेतीवर जगणारी कुटुंबे अल्पसंख्य झाली आहेत. संख्या वाढली, जमीन वाढली नाही, तिचे भाव मात्र भडकले. पुरुष फर्निचरच्या कारखान्यांत, बांधकामावर, बाजारातील गाळ्यांवर काम करू लागले. आठवीनंतर मुलगा बापाच्या शेतावर जाईल हे गृहीत होते. तो आता कित्येकदा लाकूडकामाच्या कारखान्यात जातो. बालमजुरीच्या कायद्याशी याचा खटका उडाला आणि २००४ मध्ये अमेरिकन काँग्रेसला चौदा ते अठरा वयाच्या अशा मुलांसाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली त्यांनी तेथे काम करावे, पण यंत्र चालवू नये, अशी ती सवलत आहे. ज्या शिक्षणाचे समर्थन शेताच्या बांधावर झाले होते ते आता करवतीच्या आवाजात करावे लागत आहे. दुकान चालविणाऱ्या आमिशाला हिशेब, करार व ग्राहक यांचे ज्ञान लागते. ते आठ इयत्तांत किती काळ मावेल, हे पुढची पिढी ठरवील.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडे या उदाहरणाचा दुरुपयोग होण्याचा धोका आहे. आठवीपर्यंत शिकूनही माणसे सुखी होतात, तर गरिबांच्या माध्यमिक शिक्षणावर एवढा खर्च कशाला, असे कोणी सुचविल्यास त्याला एकच उत्तर द्यावे. आमिशांच्या आठवीमागे जमीन, हाताला काम आणि अडीअडचणीला धावणारा समाज उभा आहे. आपल्या भूमिहीन मजुराच्या मुलीमागे यांपैकी काही नाही. तिच्याजवळ शाळा एवढीच काय ती मालमत्ता आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही सहा ते चौदा वर्षे, म्हणजे आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क दिला. आकडा तोच, परंतु आपल्या कायद्यात आठवी हे जोते आहे, आमिशांच्या नियमात ते छत आहे.

घेण्यासारखे आहे ते निराळेच. महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार पुढे आला, तेव्हा दोन्ही बाजूंनी जे युक्तिवाद झाले ते अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहेत. दरडोई खर्चाच्या कोष्टकात एक रकाना नेहमी गाळला जातो: शाळा गावात असल्याने गाव शाळेचे काय करते. आमिश बाप शेगडी दुरुस्त करतो, आई मागच्या बाकावर येऊन बसते, मोठी मुलगी लहानांचे पाढे घेते. हा सारा खर्चच आहे. तो फक्त अंदाजपत्रकात दिसत नाही. शाळा दहा मैलांवर गेली की तो आटतो, आणि त्याची भरपाई कोणत्याही अनुदानाने होत नाही. शाळा लहान असणे हा दोष नव्हे. ती कोणाचीच नसणे हा दोष आहे.

त्या विद्यार्थ्याला त्या दिवशी तासाची घंटा झाल्यामुळे पुरते उत्तर देता आले नव्हते. आज द्यायचे तर ते असे: गुंतवणूक तेही करतात, बाबा. फरक एवढाच की, तिचा लाभ कोणाच्या नावावर जमा व्हावा, हे त्यांनी आधी ठरवून टाकले आहे. त्यांनी समाजाचे नाव लिहिले. आपण मुलाचे लिहितो, आणि तो एकदा गावाबाहेर पडला की मागे वळून पाहत नाही म्हणून हळहळतो. दोघांच्याही खात्यात एक बाजू कोरी आहे. ती कशी भरावी, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात अजून कोणी लिहिलेले नाही.